अण्णांचं युफोनियम किलोच्या भावाने देऊ नका

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणीतले सर्व सभासद,
आपलं गणेशोत्सव मंडळ, मुंबई.

विषय: मंडळाच्या बँडची वाद्यं विकण्याचा ठराव मागे घेण्याबाबत.

सप्रेम नमस्कार, वि. वि.

आषाढातल्या बैठकीचा ठराव कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लागला आहे. त्यात दोन कलमं आहेत. पहिलं: मंडळाच्या बँडमधले ज्येष्ठ वादक अण्णा यांना श्रद्धांजली आणि विसर्जन मिरवणुकीत त्यांच्या फोटोचा वीस फुटी फ्लेक्स. दुसरं: माळ्यावरची 'नादुरुस्त व वापरात नसलेली पितळी वाद्ये' वजनावर विकायची आणि ती जागा साउंडवाल्याच्या सामानाला द्यायची. माणसाला हार आणि त्याच्या वाद्याला तराजू, दोन्ही एकाच कागदावर.

बैठकीला वादकांपैकी कुणालाही बोलावलं नव्हतं. नंतर लेखी अर्ज दिला, त्याची पोच मिळाली नाही. म्हणून हे पत्र उघडं लिहितो आहोत. अण्णांचं पूर्ण नाव घालत नाही, घरच्यांना ते नको आहे. मंडळाचं नावही घालत नाही, कारण भांडण चव्हाट्यावर न्यायचं नाही. पण वाद्यांच्या अशा पेट्या मुंबईत कितीतरी मंडळांच्या, शाळांच्या आणि वाड्यांच्या माळ्यांवर पडून आहेत. त्यांच्या विश्वस्तांनीही हे वाचलं तर बरं.

आधी अण्णा काय वाजवायचे ते सांगायला हवं, कारण ठरावात त्यांना 'ट्रम्पेटवादक' म्हटलं आहे. ते ट्रम्पेट वाजवत नव्हते. त्यांचं वाद्य युफोनियम. मांडीवर किंवा छातीशी उभं धरायचं, कर्णा वर, तेच ते. त्याची नळी उलगडली तर साधारण नऊ फूट भरते. ट्रॉम्बोनची तेवढीच, ट्रम्पेटसारख्या दिसणाऱ्या छोट्या कॉर्नेटची निम्मी. म्हणून कॉर्नेट जी चाल वर वाजवतो ती युफोनियम एक सप्तक खाली धरतं. ट्रॉम्बोनची नळी बरीचशी एकाच रुंदीची असते, त्यामुळे त्याचा आवाज सरळ आणि धारदार. युफोनियमची नळी बऱ्याच लांबीभर रुंदावत जाते, म्हणून आवाज गोल, छातीतून आल्यासारखा. बँडमध्ये लोक बघतात कॉर्नेटवाल्याकडे. बास चुकला तर चालणाऱ्यांचा पाय चुकतो, म्हणून तोही कळतो. युफोनियम असेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. नसलं की बँड पोकळ लागतो आणि नेमकं काय गेलं ते सांगता येत नाही.

अण्णांचं खरं कसब श्वासात होतं. आरतीची ओळ संपली की सगळे कॉर्नेट एकदम श्वास घेतात, आणि तेवढ्यात गाण्याला भोक पडतं. अण्णा ओळीच्या शेवटी श्वास घेतच नसत. ओळीच्या मधोमध, जिथे कॉर्नेटचा सूर लांब धरलेला असतो, तिथे ते तोंडाच्या कडेने अर्धा श्वास घ्यायचे आणि शेवटाला भरलेल्या छातीने येऊन ते भोक बुजवायचे. दोन मात्रांचं काम. बाहेरून बघणाऱ्याला फक्त गळ्याची एक शीर हललेली दिसायची.

आता वह्यांबद्दल, कारण ठरावात 'जुनी रद्दी' असाही एक शब्द आला आहे. पेटीतल्या त्या पाच वह्या रद्दी नाहीत. कॉर्नेट, ट्रम्पेट, युफोनियम ही बी फ्लॅटची वाद्यं. कागदावर 'सी' लिहिला आणि वाजवला तर हार्मोनियमवरची काळी पाच वाजते. गाणारा मात्र त्याच्या गळ्याला सोयीची पट्टी घेतो. त्याने पांढरी दोन धरली तर आमच्या कागदावर ई मेजर येतो, चार शार्प, आणि चालता चालता बोटं अडखळतात. त्याने अर्धा सूर वर, काळी दोन धरली तर कागदावर एफ मेजर, एकच फ्लॅट. म्हणून भजनी मंडळींना अण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काळी दोन चालेल का?" आणि नाही चालली तर वही तयार असायची. एकेक चाल दोन-दोन, तीन-तीन पट्ट्यांत लिहिलेली, वर पाच रेषांचं नोटेशन, खाली देवनागरीत सरगम, त्याच्याखाली पिस्टनचे, म्हणजे बोटांनी दाबायच्या खटक्यांचे आकडे, श्वासाच्या जागा लाल शाईने. म्हणजे नोटेशन वाचता येणारा, फक्त सरगम कळणारा आणि दोन्ही न येणारा, तिघांनाही एकाच पानावरून वाजवता येईल. असा कागद बाजारात विकत मिळत नाही. समासात सूचना आहेत: 'उड्डाणपुलाखाली आवाज परततो, हळू'. 'गल्ली अरुंद, ट्रॉम्बोन पहिल्या रांगेत'. ट्रॉम्बोनची स्लाइड, म्हणजे सरकणारी नळी, हातभर पुढे जाते. पुढे माणूस असेल तर त्याच्या पाठीत बसते, म्हणून ही दुसरी सूचना.

मुंबईत पितळी वाद्यं वाचून वाजवण्याची रीत आली ती लष्कर-पोलिसांच्या बँडमधून आणि गोव्याहून आलेल्या वादकांकडून. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत ही मंडळी नोटेशन शिकून यायची आणि धोबी तलावाच्या आसपासच्या कुडांत राहायची. कूड म्हणजे एकेका गावाने आपल्या माणसांसाठी मुंबईत घेतलेली सामाईक खोली. अण्णाही तशाच एका गोवेकर बँडमास्तरांकडे शिकले. त्या पिढीतल्या ट्रम्पेटवाल्यांची नावं निदान जाणकारांत तरी टिकली. गोव्यातल्या आल्दोनाचे आंतोनियो वाझ, ज्यांना सगळी मुंबई चिक चॉकलेट म्हणायची, १९६७ साली गेले आणि आजही त्यांच्यावर लिहून येतं. युफोनियमवाल्यांवर कुणी लिहीत नाही. त्यांच्या मागे राहतं ते वाद्य, माउथपीस आणि वह्या. तुमचा ठराव नेमक्या याच तीन वस्तूंवर आला आहे.

'नादुरुस्त' या शब्दाला आमचा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. ठरावासोबतच्या वाद्यांच्या यादीत अण्णांच्या युफोनियमपुढे लिहिलं आहे, 'बंद, हवा जात नाही'. ते बंद नाही. फोटोसाठी चकाकी आणायला कुणीतरी पिस्टन बाहेर काढले आणि परत घालताना पहिल्याच्या जागी तिसरा, तिसऱ्याच्या जागी पहिला गेला. प्रत्येक पिस्टनच्या अंगावर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. पिस्टनमधली भोकं फक्त त्याच्या स्वतःच्या घरातल्या नळ्यांशी जुळतात. घर बदललं की भोकासमोर भिंत येते, फुंकलं तर गाल फुगतात आणि हवा पुढे सरकत नाही. हीच 'नादुरुस्ती'. वरची टोपी उलटी फिरवायची, पिस्टन सरळ वर ओढायचा, आकडा बघून ज्याच्या त्याच्या घरात घालायचा, आणि बाजूचा छोटा दांडा खाचेत 'टक' असा बसेपर्यंत हलकेच फिरवायचा. पाच मिनिटांचं काम. जोर मात्र लावायचा नाही. पिस्टन आणि घर यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी असते. एक ओरखडा पडला तर पिस्टन कायमचा अडकत राहतो.

ते युफोनियम विलायती बनावटीचं आहे. तीन पिस्टन वर आणि चौथा बाजूला, डाव्या हाताच्या बोटाला. चौथा का असतो, हेही कार्यकारिणीला माहीत असावं. पहिला पिस्टन सूर दोन अर्धस्वर उतरवतो, दुसरा एक, तिसरा तीन. पण पहिला आणि तिसरा एकत्र दाबले की नळी जेवढी लांब व्हायला हवी तेवढी होत नाही आणि सूर चढा लागतो. तिन्ही दाबले तर आणखी चढा. चौथा पिस्टन एकटाच पाच अर्धस्वर उतरवतो, म्हणून पहिल्या-तिसऱ्याच्या जोडीऐवजी तो वापरायचा. या वाद्यात त्याच्या जोडीला मागच्या बाजूला छोट्या जादा नळ्याही आहेत, चौथा दाबलेला असताना हवा त्यांतून पुन्हा फिरते आणि उरलेली चूक भरून निघते. लंडनच्या बूझी कंपनीतल्या डेव्हिड ब्लेकली यांनी १८७४ मध्ये काढलेली ही युक्ती. यादी करणाऱ्याने या नळ्यांपुढे 'जास्तीचे पाइप, काढता येतील' असं लिहिलं आहे. कृपा करून काढू नका.

बाकीच्या वाद्यांचं थोडक्यात. तीन कॉर्नेटपैकी दोन उत्तम आहेत. तिसऱ्यापुढे 'बेसूर' लिहिलंय, ते खोटं नाही, पण त्यात वाद्याचा दोष नाही. इंग्लंडमधल्या ब्रास बँडवाल्यांची पट्टी १९६० च्या दशकापर्यंत चढी होती, 'ए' हा सूर सुमारे ४५२ हर्ट्झचा, आपल्या हार्मोनियमच्या ४४० पेक्षा जवळजवळ पाव स्वर वर. हा कॉर्नेट त्या काळातला. मुख्य स्लाइड साधारण दोन सेंटिमीटर बाहेर ओढली आणि पिस्टनच्या नळ्याही त्या प्रमाणात थोड्या थोड्या ओढल्या की तो हार्मोनियमशी जुळतो. अण्णांनी त्या स्लाइडवर बारीक रेघ मारून ठेवली आहे. बघा, दिसेल. ट्रम्पेटच्या कर्ण्याला पोचा आहे. कर्ण्यातला पोचा दिसायला वाईट, वाजायला फारसा फरक पडत नाही. माउथपीसजवळच्या अरुंद नळीतला पोचा दिसत नाही पण सूर बिघडवतो. दोन ट्रॉम्बोनपैकी एकाची स्लाइड वाकली आहे, तो कारागिराकडेच द्यावा लागेल. ई फ्लॅट हॉर्नच्या पाणी काढायच्या चावीचा बूच झिजला आहे, तिथून हवा गळते. नखाएवढा बुचाचा तुकडा कापून बसवला की झालं. सोसाफोनचा, म्हणजे अंगाभोवती वेढून खांद्यावर घ्यायच्या मोठ्या बास वाद्याचा, मात्र खरा घोळ आहे: मानेचे दोन वाकडे तुकडे हरवले आहेत आणि ते नसले तर माउथपीस तोंडापर्यंत येतच नाही. (लग्नाच्या बँडमधले कितीतरी सोसाफोन नुसते शोभेला खांद्यावर असतात, हे आता गुपित राहिलेलं नाही. आपला वाजायचा.) दुसरं युफोनियम मेरठचं. जाली कोठीत ही वाद्यं आजही बनतात, त्यामुळे त्याचे सुटे भाग मागवता येतात.

म्हणजे यादीतल्या दहा वाद्यांपैकी कारागिराचा हात लागेल अशी फक्त दोन. अण्णांचं युफोनियम तर पिस्टन ज्याच्या त्याच्या घरात गेले की पहिल्या श्वासाला वाजेल.

ज्याला तपासायचं असेल त्याने एक सोपी परीक्षा करावी. पिस्टन न दाबता त्याच्या नळीची स्लाइड बाहेर ओढायची आणि मग पिस्टन दाबायचा. 'पुक' असा आवाज आला तर नळी हवा धरून आहे, पिस्टन चांगला. नुसतं 'फुस्' झालं तर गळती. तराजू हे सांगत नाही. तराजू सांगेल की कॉर्नेट सव्वा किलो, युफोनियम चार-साडेचार किलो आणि सोसाफोन धरून सगळा संच तीस किलोंच्या आसपास. पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. भंगारवाला त्याचाच भाव देणार, वाद्याचा नाही. त्या पैशात साउंडवाल्याची एक रात्र तरी निघते का, खजिनदारांनी मांडून पाहावं.

दुसरी तक्रार साठवणीची. अण्णा आजारी पडल्यापासून पेट्या माळ्यावर उघड्या आहेत, आणि तिथे कबुतरांनी घर केलं आहे. हा नुसता घाणीचा प्रश्न नाही. विष्ठेतून अमोनिया सुटतो, आणि पितळाला अमोनिया आणि दमट हवा एकत्र मिळाली की ताण असलेल्या जागी, वळणावर, सांध्यापाशी बारीक तडा जातो. ही गोष्ट पहिल्यांदा ध्यानात आली तीही हिंदुस्थानातच: ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवली की आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुताचा अमोनिया हे त्याचं कारण, असं १९२१ मध्ये धातुतज्ज्ञांनी दाखवून दिलं. वाद्यं चमकवायला जे ब्रासो वापरलं गेलं त्यातही अमोनिया असतो. शिवाय लाखेचा पारदर्शक थर असलेल्या वाद्यावर ते घासलं की थर जातो आणि उघडं पितळ मुंबईच्या खाऱ्या हवेला तोंड देत बसतं. लाख असलेल्या वाद्याला मऊ ओलसर फडकं आणि मग कोरडं फडकं, एवढंच. चकाकी पुरते.

आतून धुणं जास्त महत्त्वाचं. तुपकट, मसालेदार खाऊन तसंच वाजवलं की लाळेबरोबर ते आत जातं आणि माउथपीसनंतरच्या पहिल्या नळीत बसतं. तिथून पितळातलं जस्त झरून जायला लागतं, बाहेरून गुलाबी ठिपके दिसू लागतात. एकदा ठिपके आले की ती नळी बदलण्याशिवाय उपाय नाही. म्हणून अण्णांचा नियम: वाजवण्याआधी खळखळून चूळ, आणि महिन्यातून एकदा आंघोळ. वाद्याला. पिस्टन वेगळे काढून ठेवायचे, त्यांच्या टोप्यांतल्या बनातीच्या चकत्या भिजू द्यायच्या नाहीत. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब, लवचीक तारेचा ब्रश नळीतून आरपार. कढत पाणी घातलं तर लाख सोलवटते. मग स्वच्छ पाणी, उलटं टांगून रात्रभर वाळवणं, स्लाइडना पातळ व्हॅसलीन, आणि पिस्टनला तेलाचे तीन-चार थेंब.

तेलावरून आपल्याकडे नेहमी गोंधळ होतो म्हणून स्पष्ट लिहितो. खोबरेल घालू नका. ते चोवीस अंशांच्या आसपास गोठायला लागतं. माघी गणपतीच्या पहाटे पिस्टन खाली जातो आणि वर येत नाही, त्यामागे बऱ्याच वेळा खोबरेलच असतं. शिलाई मशिनचं तेल जाड पडतं. वाद्याच्या पिस्टनचं तेल म्हणूनच जे मिळतं तेच घ्यावं. बाटली स्वस्त असते आणि बरेच महिने जाते.

धुण्याचा संबंध वाजवणाऱ्याच्या छातीशीही आहे. 'चेस्ट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१० मध्ये एका ट्रॉम्बोनवादकाची हकीकत छापून आली. वर्षानुवर्षं खोकला, औषधं चालू, आणि जंतू सापडले ते ट्रॉम्बोनच्या आत. वाद्य नीट साफ करायला लागल्यावर खोकला गेला. २०१६ मध्ये 'थोरॅक्स'मध्ये इंग्लंडमधल्या एका बॅगपाइपवादकाची नोंद आली, त्याच्या पाइपात बुरशी होती आणि तो फुप्फुसाच्या आजाराने गेला. अण्णांच्या आजाराशी आम्ही हे जोडत नाही. डॉक्टरांनी तसं काही म्हटलेलं नाही. पण मंडळाच्या पेटीतले माउथपीस तीन-तीन जण आलटून पालटून वापरतात, ते थांबलंच पाहिजे. प्रत्येकाला स्वतःचा.

माउथपीसवरून आणखी एक. अण्णांच्या युफोनियममध्ये अडकलेला माउथपीस मंडळाच्या मालकीचा नाही, तो त्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतला होता. ओळखायची खूण: कडेवरचा चांदीचा मुलामा उजव्या बाजूला झिजून आतलं पितळ दिसतंय, कारण ते ओठांवर तो जरासा उजवीकडे ठेवायचे. पुढच्या एका किंचित पुढे आलेल्या दातामुळे मधोमध बसतच नसे. तो घरच्यांना परत द्यायचा आहे. सध्या तो घट्ट बसला आहे. पक्कड लावून पिळू नका, नळीचा डाग सुटेल आणि दांडा वाकेल. त्यासाठी दोन बाजूंनी स्क्रू आवळून सरळ मागे ओढणारं अवजार असतं, वाद्यदुरुस्तीवाल्याकडे मिळतं. आणि नंतर दुसरा माउथपीस घेताना लक्षात ठेवा, या जुन्या विलायती युफोनियमचा दांडा मधल्या मापाचा आहे. ट्रॉम्बोनचा बारीक दांड्याचा आत डुगडुगतो, हल्लीच्या युफोनियमचा जाड दांड्याचा आत शिरत नाही.

तिसरी तक्रार लिहिताना हात जड होतो, म्हणून थोडक्यात. अण्णांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी वाद्यांच्या खोलीची किल्ली मिळाली नाही, कार्यालय बंद होतं. वर्षानुवर्षं वस्तीतल्या प्रत्येकाच्या शेवटच्या वाटेवर ज्यांनी वाजवलं, त्यांना मोबाइलवरची धून लावून नेलं. आणि गेल्या माघी गणपतीचं त्यांचं मानधन अजून घरी पोचलेलं नाही. व्हाउचरवर सही नाही, हे कारण आता तरी सांगू नये.

बैठकीत असंही म्हटलं गेलं म्हणे की बँडला आता परवानगीची कटकट, डेसिबलचा प्रश्न. नियम सगळ्यांना आहेत, आणि आम्ही ते नाकारत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री दहा ते सकाळी सहा बंदी, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यात वाद्यंही आली. राज्य सरकार वर्षात पंधरा दिवसांपर्यंत बारापर्यंत सूट देऊ शकतं. ट्रम्पेट तोंडासमोर ऐकला तर कान दुखतो, हे आम्हीच आधी कबूल करतो. पण पितळी वाद्याचा आवाज माणसाच्या श्वासावर चालतो. कोपऱ्यावर रुग्णालय आलं की अण्णा नुसता डावा तळहात खाली करायचे आणि सगळा बँड गप्प, फक्त साइड ड्रमच्या काठावर पावलाचा ठेका. गाडीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला असा हात दाखवता येत असेल तर दाखवा.

आणि 'वाजवायला माणसं कुठे आहेत' हा प्रश्न. सहा आहोत. दहा वाद्यांना दहा लागतात असं नाही. दोन कॉर्नेट, एक ट्रॉम्बोन, एक युफोनियम, साइड ड्रम आणि ढोल एवढ्यात आरती, भजन आणि चालतं संचलन नीट होतं. फक्त बारा तास सलग वाजवून घेऊ नका. ओठांचा स्नायू माउथपीसच्या दाबाने रक्त हरवतो, सुजतो, आणि एकदा सुजला की वरचा सूर येत नाही. मग वादक आणखी दाबतो, ओठ फुटतो आणि पुढचे आठ दिवस जातात. अण्णांचं गणित होतं: पंधरा मिनिटं पितळ, पाच मिनिटं नुसता ताशा-ढोल. मिरवणुकीच्या आखणीत ते लिहूनच घ्या.

शिकणारी पोरं हवी असतील तर कॉर्नेट हातात द्या. एकही पिस्टन न दाबता, फक्त ओठ आवळून सा, प, वरचा सा, ग, प असे सूर निघतात. ते कळलं की पोरगं वाद्य खाली ठेवत नाही. वाडीतली चार मुलं दर रविवारी यायला तयार आहेत, त्यांच्या पालकांची नावं सचिवांकडे दिली आहेत.

आमच्या मागण्या अशा. विक्रीचं कलम रद्द करा, किंवा निदान गणपती होईपर्यंत थांबवा. प्रत्येक वाद्यावर कोरलेला क्रमांक आणि बनावट यांची यादी आमच्यापैकी दोघांना बसवून पुन्हा करा, आणि आधीची यादी फाडून टाका. पाचही वह्या पान न पान स्कॅन करा, एक प्रत मंडळाकडे, मूळ वह्या घरच्यांकडे. माउथपीस आणि थकलेलं मानधन गौरी-गणपतीच्या आत घरी पोचवा, कार्यालयात बोलावू नका. पेट्या माळ्यावरून तळमजल्याच्या खोलीत आणा, भिंतीला न चिकटवता लाकडी फळीवर ठेवा, आणि किल्लीची दुसरी प्रत वादकांकडे असू द्या. त्या वाकड्या ट्रॉम्बोनच्या आणि सोसाफोनच्या मानेच्या खर्चासाठी फ्लेक्सचे पैसे वापरा. वीस फुटी फोटोची हौस अण्णांना कधीच नव्हती. विसर्जनाला साउंडची गाडी आणणारच असाल तर ती आमच्यापासून निदान एक चौक लांब ठेवा.

उत्तर फळ्यावर लावलंत तरी चालेल. तोवर एक काम कुणीही करू शकेल आणि ते थांबू नये, कारण पावसात पिस्टन दोन आठवड्यांत धरतात. काळी पेटी, पितळी कड्यांची. उघडल्यावर डाव्या हाताच्या कप्प्यात तेलाची बाटली आहे, तिच्याखाली जुन्या धोतराचं फडकं. चारही पिस्टन एकेक करून काढा, पुसा, तीन-चार थेंब, आकडा बघून परत त्याच घरात.

आपले,
मंडळाच्या बँडमधले सहा वादक